जुने जपावे, नवे नावानिशी घडवावे

चामड्याचे काम करणाऱ्याकडे जुनी वस्तू आली की काम दोन प्रकारचे असते. आहे ते टिकवायचे, किंवा तिच्यासारखे नवे घडवायचे. दोन्हींना हात लागतो, नजर लागते, वेळ लागतो, आणि दोन्ही कामे मानाची आहेत. घोटाळा होतो तो दोन्ही एकाच वस्तूवर केल्याने. उसवलेले टाके काढून नवे घातले, सुकलेल्या कातड्याला तेल पाजले, कडा पुन्हा घोटल्या, वरून रंगाचा हात मारला की गिऱ्हाईक खूश होऊन जाते. शंभर-सव्वाशे वर्षांची एक साक्ष मात्र कायमची पुसली जाते.

हा अंक आम्ही अमेरिकेतील लिव्हर-ॲक्शन रायफली आणि त्यांच्या जोडीचे चामडी सामान या विषयाला दिला आहे, तो याच प्रश्नासाठी. तिथे जुन्या रायफली जमवणारे आहेत, हाताने होल्स्टर शिवणारे कारागीर आहेत आणि या दोघांना जोडणारा मोठा बाजार आहे. टिकवणे आणि घडवणे यांतली सीमा तिथे रोज कसाला लागते. आपल्याकडे आरी-रापी हाती धरणाऱ्या प्रत्येकाने तो अनुभव समजून घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

आधी रायफल आणि चामडे यांचे नाते पाहू. बेंजामिन टायलर हेन्री यांनी १८६० साली पेटंट घेतलेल्या रायफलीच्या नळीखालच्या भांडारात सोळा काडतुसे मावत. चापाभोवतीचे कडे लांबवून केलेली लिव्हर खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर, नवे आत आणि घोडा चढलेला. ही रायफल बनवणाऱ्या कंपनीचे मालक ऑलिव्हर विंचेस्टर हे न्यू हेवनचे शर्टांचे कारखानदार. १८६६च्या मॉडेलमध्ये नेल्सन किंग यांनी काडतुसे बाजूच्या झडपेतून भरण्याची सोय केली आणि नळीखाली लाकडी हातपट्टी आली. पाठोपाठ १८७३चे मॉडेल आले. त्याच्या सात लाखांहून अधिक रायफली झाल्या. जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावरची १८९४ची रायफल तर सत्तर लाखांच्या पुढे गेली.

चामड्याच्या कारागिराने यात दोन गोष्टी टिपाव्यात. पहिली, या रायफलीच्या दोन्ही बाजू सपाट असतात. बोल्ट-रायफलीसारखा दांडा बाहेर येत नाही. म्हणून ती स्वाराच्या पायाखाली, खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या खोळीत घोड्याला न टोचता बसते. दुसरी, १८७३च्या विंचेस्टरचे .४४-४० काडतूस काही वर्षांतच कोल्टच्या रिव्हॉल्व्हरलाही मिळाले. मग कमरेला एकच पट्टा, त्यावर एकाच मापाची घरे, आणि दोन्ही हत्यारांची सोय. त्या काळचा काडतूसपट्टा पाहताना घरांचे माप आधी घ्यावे, ते यासाठी. मालकाजवळ कोणते हत्यार होते, याचा अंदाज त्या मापावरून बांधता येतो.

होल्स्टरच्या घडणीचाही असाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियाकडचे होल्स्टर निमुळते, हत्याराच्या अंगाला चिकटून बसणारे होते. धातूची काडतुसे आली, काडतुसांची घरे शिवलेला रुंद पट्टा आला आणि जुना अरुंद पट्टालूप त्याला पुरेना. त्यातून मेक्सिकन लूप नावाची रचना रुळली. कातड्याचा एकच मोठा तुकडा. त्याचा मागचा भाग दुमडून पाठीशी पडदा करायचा, पडद्याला आडव्या चिरा द्यायच्या आणि होल्स्टरचा खिसा त्या चिरांतून ओवायचा. दुमडीमधून पट्टा जातो. टाके फक्त खिशाच्या कडेला, त्यामुळे उसवायला जागा कमी. घोड्यावर दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या गरजेतून निघालेली ही कारागिरी आहे. चेयेनचे फ्रँक मीनिया, डेन्व्हरचे हायझर, टेक्सासचे मायर्स ही खोगीर करणाऱ्यांची नावे संग्राहक आजही आदराने घेतात. मांडीवर खाली लोंबणारे आणि पट्ट्यातच कापलेल्या चिरेतून अडकवलेले होल्स्टर मात्र विसाव्या शतकातले. चित्रपटांनी ते जगभर नेले. ‘१८८०ची नक्कल’ म्हणून ते शिवणारा कारागीर नकळत खोटा इतिहास विकत असतो.

आता संग्राहकाच्या बाजूने पाहू. रायफलीवर क्रमांक असतो. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधील कोडीच्या संग्रहालयात आहेत. अनेक मॉडेलांच्या बाबतीत क्रमांक कळवला की रायफल कधी तयार झाली, कोणत्या रूपात बाहेर पडली, याचे पत्र मिळते. चामड्याला असा आधार नाही. शिक्का असेल तर कारागिराचे नाव कळते. नसेल तर दोरा, टाक्यांची दाटी, कापलेल्या कडेचा रंग आणि झिजेच्या खुणा एवढेच साक्षीदार उरतात. लिननचा मेणदोरा बहुधा जुना काळ सांगतो. नायलॉनचा दोरा १९३०च्या दशकाअखेरीपूर्वीचा असूच शकत नाही. कापलेल्या कडेत निळसर राखाडी छटा दिसली तर कातडे क्रोमने कमावलेले असण्याचा संभव मोठा, आणि ही पद्धत व्यवहारात आली ती १८८४च्या पेटंटनंतर. नळीच्या टोकाला आणि कडांना उडालेला निळा मुलामा खोळीच्या आतल्या घासलेल्या जागांशी जुळला, तर ती दोन्ही एकमेकांसोबत राहिली होती असे म्हणता येते. आता अशा होल्स्टरवर कोणी पॉलिस्टर दोऱ्याने नवे टाके घातले, तर पुढच्या अभ्यासकाला आपण काय सांगून गेलो? चुकीचा काळ.

टिकवण्याचे काम कसे करावे, याचे आमच्या मते एक उत्तम उदाहरण नेव्हाडातले आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातील पुरातत्त्व पथकाला एका जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली १८७३ मॉडेलची विंचेस्टर सापडली. दस्ता मातीत थोडा रुतलेला, लाकूड उन्हापावसाने करडे पडून चिरलेले, नळीवर गंज. क्रमांकावरून ती १८८२ची निघाली. तिथे कोणी ठेवली हे मात्र नोंदींतून कळले नाही. कोडीच्या संग्रहालयात तिच्यावर काम झाले. तज्ज्ञांनी गंज खरवडला नाही, लाकडाला चकाकी दिली नाही. सुटू पाहणारे कण आणि चिरा जागच्या जागी स्थिर केल्या. क्ष-किरणांत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस दिसले, तेही बाहेर काढून जपले. एखाद्या उत्साही माणसाने ती घासूनपुसून नवी केली असती तर त्याच मॉडेलच्या लाखो रायफलींत आणखी एक भर पडली असती. आज तिचे मोल आहे ते तिच्या करड्या लाकडात.

चामड्याला हाच नियम अधिक कडकपणे लावावा लागतो, कारण चामडे आतून बदलते. हवेतला सल्फर डायऑक्साइड कातड्यात मुरतो, आम्ल तयार होते आणि वनस्पतींच्या रसात कमावलेले जुने कातडे तांबूस भुकटी होऊन झडू लागते. अशा कातड्याला पाणी लावू नये. ते काळे पडते आणि कडक होते. गरम हवा तर मुळीच देऊ नये. चांगले कातडे जी उष्णता सहन करते, तिच्या कितीतरी कमी उष्णतेत खराब झालेले कातडे आकसते. तेलाबद्दलही पिढीजात समजूत बदलायला हवी. लॅनोलिन, मेण, नीट्सफूट तेल यांचे लेप पूर्वी संग्रहालयेही सर्रास देत. पुढे दिसून आले की तेल कालांतराने चिकट होते, डाग धरते, धूळ ओढते आणि आम्लाचा बंदोबस्त काही करत नाही. वापरातल्या नव्या होल्स्टरला बेताचे तेल द्यावे. जुन्याला मऊ ब्रशने धूळ झटकून, आतून आम्लरहित कागदाचा आधार देऊन, स्थिर दमटपणात ठेवावे. भुकटी झडत असेल तर संवर्धनतज्ज्ञाला दाखवावे.

चामडे आणि धातू यांना कायमचे एकत्र ठेवू नये, हे तर प्रत्येक संग्राहकाच्या कपाटावर लिहून ठेवण्यासारखे आहे. कातडे हवेतली ओल धरते, त्यात कमावणीचे क्षार आणि आम्ले असतात. होल्स्टरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या हत्याराला नेमका कातड्याच्या स्पर्शाच्या जागी गंज धरतो. पितळी काडतुसे चामड्याच्या घरांत राहिली की त्यांवर हिरवा थर चढतो, आणि असे काडतूस नळीत अडकते. अमेरिकी सैन्याला हा त्रास इतका झाला की ॲन्सन मिल्स या अधिकाऱ्याने काडतुसांची घरे विणतानाच तयार होतील असा कापडी पट्टा काढला आणि तो सैन्यात रूढ झाला. आज रायफलीच्या दस्त्यावर काडतुसांची चामडी पट्टी बांधण्याची हौस आहे. ती जरूर शिवावी, पण काम झाले की सोडून ठेवा, हे गिऱ्हाइकाला सांगणे कारागिराचे काम आहे. होल्स्टर बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही.

इथे आपल्या मातीचा एक धागा येतो. गेल्या शतकाच्या आरंभी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने पुस्तकबांधणीचे कातडे का झडते, याचा छडा लावण्यासाठी समिती नेमली होती. तिने सुमॅकच्या कमावणीला कौल दिला आणि तरवडाच्या सालीत कमावून भारतातून येणारी शेळ्या-मेंढ्यांची कातडी फार लवकर झडतात, असे नोंदवले. कारण रसायनात आहे. साली बहुधा ज्या जातीचे टॅनिन देतात ते आम्लापुढे लवकर हार खाते. सुमॅकचे टॅनिन त्या मानाने चिवट असते. आपल्या हिरड्याचे टॅनिन सुमॅकच्या गटातले आहे. सह्याद्रीच्या रानातून गोळा होणारा आणि एके काळी युरोपच्या चर्मालयांत मोठ्या प्रमाणावर जाणारा हा हिरडा कोल्हापुरी चपलेच्या कातड्यात बाभळीच्या सालीबरोबर आजही वापरला जातो. बाभूळ कातड्याला भरीवपणा देते, हिरडा फिकट रंग आणि टिकाऊपणा. शंभर वर्षे टिकावे असे होल्स्टर, खोगीर किंवा पेटी शिवायची असेल तर कातडे कशात कमावले आहे हे विचारल्याशिवाय रापी चालवू नये. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; त्यामागच्या कमावणीलाही तितकीच प्रतिष्ठा मिळायला हवी, असा आमचा आग्रह आहे.

आता नवे घडवण्याकडे. होल्स्टरला वनस्पतींच्या रसात कमावलेलेच कातडे घ्यावे, आठ-नऊ औंसांचे, म्हणजे सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे. ते ओले करून फरम्यावर दाबले की आकार धरते आणि वाळल्यावर सोडत नाही. मऊ क्रोम-कातड्याला हे जमत नाही. शिवणीच्या कडेला दोन थरांमध्ये कातड्याची पट्टी घालावी, म्हणजे टाक्यांवर हत्याराच्या कडेचा घाव बसत नाही. शिवण दोन सुयांची असावी. एकाच दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक भोकातून समोरासमोर जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा तुटला की ती उसवत जाते. वाळवताना सावली आणि वारा पुरे. आधुनिक वापराच्या होल्स्टरमध्ये चाप पूर्ण झाकलेला असलाच पाहिजे, यात तडजोड नको. फरमा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा वापरावा. खऱ्या हत्यारावर ओले कातडे ओढणे हत्यारालाही वाईट आणि माणसालाही धोक्याचे. भारतात शस्त्रास्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच बाळगता येतात. होल्स्टरची कला शिकायला यातली एकही लागत नाही, फरमा पुरतो.

जुन्या नमुन्यावरून नवे शिवणे यात काहीच गैर नाही. हात त्यातूनच तयार होतात. मीनियाचे होल्स्टर पाहून त्याच घडणीचे आपण शिवले तर तो त्याचा गौरव आहे. पण चहाच्या पाण्यात बुडवून, व्हिनेगरने काळवंडवून, मुद्दाम ओरखडे पाडून ‘जुनाट’ केलेल्या वस्तूची वाट कुठे जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिला ग्राहक ती नक्कल म्हणून घेतो, तिसरा अस्सल म्हणून विकतो. अमेरिकी कायद्यात १८९८पर्यंतच्या बंदुकांना पुरातन म्हणून वेगळे स्थान आहे, त्यामुळे त्या काळाच्या नावाला बाजारात वजन आहे आणि मोहही तितकाच आहे. लबाडी करणाऱ्याला आपण रोखू शकणार नाही. आपल्या हातचा माल त्याच्या कामी येऊ न देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

म्हणून आमची सर्व कारागिरांना तीन गोष्टींची विनंती आहे. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या, मापे लिहा, दोरा-कातडे-शिक्क्याची नोंद करा आणि त्या नोंदीची प्रत मालकाला द्या. ‘नवी करून द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बसवून समजावा की जुनी आहे तशी ठेवू आणि वापरायला तिच्याच घडणीची दुसरी शिवू. एका कामाऐवजी दोन मिळतात, आणि वस्तूही वाचते. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. आपण शिवलेल्या प्रत्येक होल्स्टरला, खोळीला, पट्ट्याला आपल्या नावाचा आणि वर्षाचा शिक्का मारा. चिकटवलेली चिठ्ठी नको. कातड्यात खोल उठलेला ठसा हवा, शिवण उसवल्याशिवाय निघणार नाही अशा जागी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चामडे कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसांची नावे त्यांच्या वस्तूंवर उमटली नाहीत. ती उमटवण्याची सोय आज प्रत्येकाच्या हाती आहे. पुढची वस्तू शिवायला घ्याल, तिच्यापासूनच सुरुवात करा.