अंगणांतील गड

दिवाळीच्या सुटींत आमच्या अंगणांत किल्ला होतो. यंदा मात्र त्यावरून घरांत मतभेद झाला. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, बाजारांत प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो, तोच आणावा. अंगण स्वच्छ राहील. सूनबाईंनीं पोरांच्या कपड्यांचा हिशेब मांडला. तक्रार खोटी नव्हे. तांबड्या मातीचे डाग सहसा निघत नाहींत. तरीहि मीं मातीचीच बाजू घेतली. कां, तें सांगतों.

चौथीचा वर्ग माझ्याकडे असतां शाळेच्या आवारांत मीं मुलांकडून राजगड करविला होता. दगडविटा रचून त्यांवर चिखलांत भिजविलेलें गोणपाट टाकलें, कीं डोंगर उभा राहतो; अळीव पेरले, कीं चार दिवसांत रान हिरवें होतें. एवढें मुलांस शिकवावें लागत नाहीं. बालेकिल्ला साधला, पद्मावती व सुवेळा या माच्याहि साधल्या; परंतु संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कांहीं केल्या उभी राहीना. दुसरे दिवशीं परीक्षक यावयाचे होते. मुलें घरीं गेल्यावर ती माची मीं स्वहस्तें बांधली. बक्षीस मिळालें. मात्र ज्यानें ती तीन वेळां रचली होती, तो मुलगा बक्षीस घ्यावयास पुढें आला नाहीं. "गुरुजी, ती माची आमची नाहीं," एवढेंच म्हणाला. त्यास द्यावयाचें उत्तर मला अद्यापि सुचलेलें नाहीं.

किंडरगार्टन हें नांव १८४० सालीं योजणारा जर्मन शिक्षक फ्रोबेल मुलांच्या हातीं आठ घनांचा लांकडी ठोकळा देई, आणि त्यांतून त्यांनीं निरनिराळे आकार रचावे असें म्हणे. आमच्याकडे वीट आणि चिखल फुकट मिळतात.

यंदा मी ओसरीवरून हाललों नाहीं. नातवानें रायगड आरंभिला आणि महादरवाजा वाटेच्या अगदीं समोर ठेविला. धाकट्या नातीनें गोटी सोडली. ती थेट दारांतून आंत गेली. "शत्रु आला!" मग कडाक्याचें भांडण, मोडतोड, अबोला. तिसरे दिवशीं दोन बुरूज पुढें आले, दार त्यांच्या आड वळलें, आणि गोटी बुरुजावर आपटून परतली. यालाच गोमुखी रचना म्हणतात व खऱ्या रायगडाचा महादरवाजाहि असाच बुरुजांआड दडलेला आहे, हें मीं त्यांस मागाहून सांगितलें.

तुळशीचें लग्न झालें, आतां किल्ला काढूं का, असें सूनबाईंनीं काल विचारलें. धाकटी म्हणाली, "आई, थांब ना, अजून चोरदरवाजा व्हायचाय."