‘चांगला’ हा शेरा कुणाच्या मुळावर?

मार्च संपला की सरकारी कचेऱ्यांतून गोपनीय अहवालांचा हंगाम सुरू होतो. वर्षभर टेबलावर मान मोडून काम केलेल्या माणसाचे अख्खे वर्ष एका अक्षरात कोंबले जाते. अ, ब, क. शासन आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणते आणि तो संगणकावर भरला जातो. नाव बदलले, कागद गेला. लिहिणाऱ्याची नजर बदलली काय, एवढेच आम्हाला विचारायचे आहे.

पदोन्नतीतील आरक्षणाची लढाई आपल्या वाचकांना तोंडपाठ आहे. २००६ साली नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मागासलेपण, अपुरे प्रतिनिधित्व आणि प्रशासनाची कार्यक्षमता अशा तीन कसोट्या लावल्या. २०१८ साली जर्नेल सिंग खटल्यात अनुसूचित जाती-जमातींपुरती मागासलेपणाच्या आकडेवारीची अट काढली, पण बाकीच्या कसोट्या राहिल्या. आपल्या राज्यात २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत ३३ टक्के आरक्षण आले, ते मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले खरे, पण ७ मे २०२१ रोजी त्याच राज्याच्या शासनाने मागासवर्गीयांच्या राखीव जागांसकट सर्व जागा सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय काढला. यावर मोर्चे निघाले, निवेदने गेली, या पानावरही पुष्कळ लिहिले गेले. ते सगळे योग्यच होते.

पण ‘कार्यक्षमता’ या शब्दाशी आम्ही नेहमी अडखळतो. आरक्षणाचा विषय निघाला की हा शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. ही कार्यक्षमता मोजतात कुठे? ती मोजली जाते बंद दाराआड, साहेबाच्या केबिनमध्ये, त्या एका अक्षरात. न्यायालयाच्या निकालाची प्रत आपण वाचतो. त्या अक्षराकडे मात्र निवृत्तीपर्यंत पाहत नाही.

देव दत्त यांचा खटला या ठिकाणी प्रत्येक कर्मचाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. हे सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंता. पदोन्नतीसाठी लागोपाठ पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ शेरा हवा होता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना नुसता ‘चांगला’ मिळाला. त्यांना तो कळवलाच नाही, कारण ‘चांगला’ म्हणजे काही प्रतिकूल शेरा नव्हे असे खात्याचे म्हणणे. आणि त्याच न कळवलेल्या ‘चांगल्या’ने त्यांची पदोन्नती खाल्ली. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शेरा कोणताही असो, तो संबंधितास कळवलाच पाहिजे. न कळवणे हा मनमानी कारभार आहे. त्यानंतर १४ मे २००९ रोजी केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखवण्याचा आणि त्यावर पंधरा दिवसांत म्हणणे मांडू देण्याचा आदेश काढला.

म्हणजे शिवी न देता, कामचुकार न म्हणता, गोड शब्दाने माणूस कापता येतो हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मान्य करावे लागले. देव दत्त यांच्या खटल्यात जातीचा मुद्दा नव्हता. पण जातीला असले हत्यार मिळाले तर ती ते वापरणार नाही, असे मानण्याइतका भोळा वाचक या दैनिकाला नाही. १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. फाईल फेकणारा तो शिपाई डोळ्यांना दिसत तरी होता. ‘ब’ लिहिणारा साहेब दिसत नाही. तो आपल्याला चहा पाजतो, १४ एप्रिलला हार घालायला पुढे असतो.

गेल्या महिन्यात एक निवृत्त गृहस्थ आमच्याकडे आले. लिपिक म्हणून लागलेले, वर्ग दोनचे अधिकारी होऊन बाहेर पडलेले. काखेत कापडी पिशवी, पिशवीत फाईल. जयभीम झाला, पाणी झाले. माहितीच्या अधिकारात काढलेल्या स्वतःच्या गोपनीय अहवालांच्या नकला त्यांनी टेबलावर पसरल्या. ब, ब, ब. सचोटीच्या रकान्यात दरवर्षी तेच वाक्य, विपरीत काही ऐकिवात नाही. अहो, माणूस सचोटीचा आहे असे लिहायला साहेबांची शाई संपत होती काय? त्यांच्याबरोबर लागलेले, त्यांच्याकडून टिपणी लिहून घेणारे सहकारी चार वर्षे आधी वर गेले. आम्ही म्हटले, हे तर घरोघरचे दुखणे. यावर लेख लिहू.

ते म्हणाले, “त्यासाठी नाही आलो, भाऊ.” आणि फाईलच्या तळातून आणखी एक कागद काढला.

तो अहवाल त्यांचा नव्हता. त्यांच्या हाताखालच्या, आपल्याच समाजातील एका तरुण कर्मचाऱ्याचा होता. शेरा ‘ब, चांगला’. प्रतिवेदन अधिकारी म्हणून खाली सही या गृहस्थांचीच. “पोरगा अ च्या लायकीचा होता. मी ब दिला. वरच्या साहेबांनी फक्त एवढंच विचारलं होतं, तुमच्यातलाच आहे ना तो?” पुनर्विलोकन अधिकाऱ्याने खाली ‘सहमत’ लिहिले. दोन वर्षांनी निवड समितीसमोर ते अहवाल गेले आणि पोरगा मागे राहिला. आजही तो त्याच खुर्चीवर आहे, आणि दसऱ्याला यांच्या घरी येऊन पाया पडतो. त्याला हे माहीत नाही.

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. वाचकहो, खरे सांगायचे तर आम्हाला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी आपल्याकडचे कितीतरी चेहरे आठवले.

या प्रसंगाची दोन टोके आहेत आणि आम्हाला एकही सोडायचे नाही. पहिले टोक त्या प्रश्नाचे. ‘तुमच्यातलाच आहे ना?’ हा प्रश्न प्रस्थापित जातीच्या अधिकाऱ्याला कधी विचारला जातो काय? आपल्या भाच्याला, गाववाल्याला, आडनावबंधूला अत्युत्कृष्ट देणाऱ्याला गुणग्राहक म्हणतात. निःपक्षपातीपणाची परीक्षा फक्त आपल्या माणसाची. तो खुर्चीवर बसला रे बसला की त्याने आपल्याच माणसाचा बळी देऊन ती पास व्हायची. आणि या प्रश्नाला साक्षीदार नसतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातिवाचक अपमान लोकांच्या दृष्टीसमोर घडावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेले त्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हितेश वर्मा खटल्यात म्हटले. इथे तर जातीचे नावही घेतले नाही. चार शब्दांचा प्रश्न, तोही हसत.

दुसरे टोक आपल्याकडे येते. हे गृहस्थ लाचखाऊ नव्हते, दारुडे नव्हते, विहाराच्या बांधकामाला पहिली पावती फाडणारे होते. त्यांनी अन्याय केला तो न्यायी दिसण्यासाठी. आम्ही पक्षपात करत नाही हे दाखवण्याची किंमत त्यांनी दुसऱ्याच्या खिशातून दिली. आपल्या अधिकारी वर्गात हा आजार मोठा आहे. याच्या उलटा आजारही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संघटनेच्या वर्गणीची पावती पाहून शेरा देणारे आहेत. आधी पोटजात विचारून मग फाईल उघडणारेही आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपण दर ६ डिसेंबरला ऐकतो आणि शेजारच्याकडे बघतो.

मग कार्यालयातील वैयक्तिक तक्रार मांडायची की नाही? आपल्यातले पुष्कळ शहाणे म्हणतात, स्वतःचे रडगाणे कशाला, समाजाचा प्रश्न मांडा. आम्हाला हे पटत नाही. बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलासाठी दिला, एवढेच आपल्या पोरांना माहीत असते आणि ते मुख्य कारण होतेच. पण ऑक्टोबर १९५१ चे त्यांचे निवेदन एकदा मुळातून वाचा. त्यात त्यांनी स्वतःची तक्रारही लाज न बाळगता मांडली आहे. नियोजन खाते देण्याचे आश्वासन मिळूनही ते दिले गेले नाही. परराष्ट्र व्यवहाराच्या आणि संरक्षणाच्या समितीवर घेतले नाही. अर्थशास्त्राचा हा विद्यार्थी, पण आर्थिक समिती बनली तेव्हाही पंतप्रधानांना त्याची आठवण झाली नाही. आणि हे सांगून झाल्यावर ते स्पष्ट करतात की राजीनाम्याचे कारण हे नव्हे. मग येतात अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण, काश्मीर आणि हिंदू कोड.

जगातील मोठमोठ्या विद्यापीठांचा पदवीधर, घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, देशाचा कायदामंत्री. त्यालाही नोकरीत डावलले जाते आणि तो ते कारणांसह लिहून काढतो. संसदेत निवेदनाची प्रत आधी मागितली गेली, तेव्हा सभागृहाबाहेर पडून ते वर्तमानपत्रांना देतो. स्वतःवरचा अन्याय आणि समाजावरचा अन्याय यांची त्यांनी गल्लत केली नाही, आणि एकाला लपवून दुसरा मोठाही केला नाही. आपला कर्मचारी नेमके उलटे करतो. स्वतःवर अन्याय होतो तेव्हा कॅन्टीनमध्ये बोलतो, पंधरा दिवसांची मुदत निघून जाऊ देतो आणि निवृत्त झाल्यावर चळवळीत येऊन समाजावर भाषण करतो.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. अर्ज करणाऱ्याला भीती असते, आणि ती खोटी नसते. बदली होते, चौकशी लागते, पुढच्या वर्षीचा शेरा आणखी घसरतो. पगारावर आई-वडील, धाकट्या बहिणीचे शिक्षण आणि घराचे हप्ते चालतात. अशा माणसाला ‘लढ’ म्हणणे सोपे आहे, आम्हाला तर फारच सोपे, आमचा अहवाल कोणी लिहीत नाही. म्हणूनच कर्मचारी संघटनांनी पुढे यायला हवे. अधिवेशनात फेटे बांधण्यापेक्षा आपल्या सभासदांचे पाच-पाच वर्षांचे अहवाल मागवून एका टेबलावर मांडा. एका माणसाच्या फाईलमधले ‘ब’ हे नशीब वाटते. शंभर फायली शेजारी ठेवल्या तर कोणत्या साहेबाच्या हातून कुणाला काय मिळाले ते शाळकरी मुलगाही वाचेल. त्या फायलींत आपल्या साहेबांच्या सह्याही निघतील, याची तयारी ठेवून हे काम करावे लागेल.

त्या गृहस्थांनी आम्हाला विचारले, “आता मी काय करू?” त्यांच्या म्हणण्याने आता निवड समितीचा निकाल फिरेल असे आम्हाला वाटत नाही, आणि तसे आम्ही तोंडावर सांगितले. ते म्हणाले, निकाल नाही तर नाही, त्या पोराला निदान कळू तर दे की तो कमी नव्हता. आमच्या कचेरीतला कोरा कागद मागून घेऊन त्यांनी तिथेच पत्र लिहिले. दीड पान झाले. कोणत्या वर्षी, कोणत्या कामासाठी तो अ च्या योग्यतेचा होता, कोणी काय विचारले आणि आपण काय लिहिले, हे सर्व तारखेसह. खाली सही केली, निवृत्तीपूर्वीचे पद लिहिले. पत्राची एक प्रत खात्याला पाठवायची का, यावर आमचे एकमत झाले नाही. ते म्हणाले, आधी पोराच्या हातात देतो, खात्याचं तो ठरवेल.