कागदावर नाव कुणाचं?

दोस्तहो,

परवा बैठकीत आपल्यातलाच एक पोरगा म्हणाला, "गोऱ्यांनी काळ्यांची गाणी लुटली हे रडगाणं पुरे. हार्लेमच्या पोरांचं मूळ गाणंच वर गेलं, गोऱ्यांची नक्कल मागं पडली. अन्याय कुठाय?" मी तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

गाणं १९५६ चं, 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह'. गाणारी न्यूयॉर्कची पाच पोरं, 'टीनएजर्स'. तिघं काळी, दोघं पोर्तो रिकन. पुढं गाणारा फ्रँकी लायमन, वय वर्षं तेरा. राहणारा हार्लेमचा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबियात शिकले, ते या वस्तीला लागूनच.

गाणं गाजायला लागलं तसं कॅनडाच्या चौघा गोऱ्यांनी, 'डायमंड्स'नी, तेच गाऊन रेकॉर्ड काढली. असल्या रेकॉर्डला तिकडं 'कव्हर' म्हणतात. अमेरिकेच्या यादीत मूळ गाणं सहावं, डायमंड्स बारावे. बरं चाललं, फार नाही. पोरगा म्हणतो ते इथवर खरं. पण पुढच्याच साली याच डायमंड्सनी 'लिटल डार्लिन' उचललं. मूळ गाणारे काळे 'ग्लॅडिओलाज' राहिले एक्केचाळिसावे, डायमंड्स दुसरे! एका शर्यतीत आपला गडी पुढं आला म्हणून मैदान सपाट होत नाही.

आणि हे सगळं कायदेशीर, बरं का. कायदा शब्द आणि चाल राखायचा. गळा, लकब, वाद्यांची मांडणी कुणीही उचलावी. लावर्न बेकर या काळ्या गायिकेनं १९५५ सालीच याविरुद्ध अमेरिकेच्या संसदेकडं दाद मागितली. पदरात काही पडलं नाही. तिथल्या केंद्रीय कायद्यानं रेकॉर्डमधल्या आवाजाला संरक्षण दिलं ते १९७२ साली, आपल्याकडं पँथर उभी राहिली त्या साली.

पण माझं मुख्य भांडण डायमंड्सशी नाहीच. एकदा गाणं रेकॉर्ड झालं की कुणीही ते गावं आणि रेकॉर्डमागं दोन सेंट द्यावेत, असा कायदा होता. हे दोन सेंट जायचे कुणाला? कागदावर ज्यांची नावं त्यांना. म्हणजे नक्कल खपली तरी पैसा मूळ गाण्याच्या कागदाकडंच वळणार. आता तो कागद बघा. त्यावर लायमनच्या जोडीला निर्माता जॉर्ज गोल्डनर. सुरुवातीच्या रेकॉर्डवर हर्मन सँटियागोचं नाव होतं, ते पुढं गळालं. जिमी मर्चंटचं नव्हतंच. गोल्डनरनं कंपन्या मॉरिस लेव्हीला विकल्या, तसं गोल्डनरच्या जागी लेव्हीचं नाव चढलं. गाणं लिहिताना हा गृहस्थ तिथं नव्हताच. सातबाऱ्यावर फेरफार करावा तसा कवीच बदलला!

लायमन १९६८ साली हेरॉइननं मेला. आजीच्या घरात. वय पंचवीस. सँटियागो आणि मर्चंट १९८७ साली कोर्टात गेले. १९९२ साली ज्यूरीनं सांगितलं, होय, लायमनबरोबर हे दोघंही कर्ते. १९९६ साली वरच्या कोर्टानं निकाल फिरवला. गाणं त्यांचं नाही असं कोर्ट म्हणालं नाही. म्हणालं, दावा तीन वर्षांत करायचा होता. उशीर झाला.

तीन वर्षं! शाळकरी पोरांनी वकील कुठून आणायचा होता?

तर गड्या, अन्याय इथं आहे. नक्कल करणाऱ्याचं थोबाड दिसतं, म्हणून आपण त्याला शिव्या घालून मोकळे होतो. कागदावर नाव चढवणारा हात दिसत नाही. पोरांचं गाणं जिंकलं आणि पोरं हरली.

आपणही गाणी रचतो. चौघं मिळून रचतो आणि 'चळवळीचं आहे' म्हणून तसंच सोडून देतो. चळवळीचं असू द्या, पण खाली चौघांचीही नावं लिहा. तारीख टाका. एक प्रत जपून ठेवा. कुणी छापलं, वाजवलं, तर त्याच आठवड्यात जाब विचारा.

पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. मी माझी आणतो.

जयभीम.