विश्लेषण : ‘डोळे मिटा’ की ‘नीट पाहा’? शाळकरी मुलांच्या सजगतेला निसर्गाची जोड का हवी?

शनिवारची सकाळ. बाई सांगतात, ‘डोळे मिटा, शांत बसा.’ मुले डोळे मिटतात आणि किलकिल्या पापण्यांतून शेजारच्याकडे पाहून हसतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. त्यात प्राणायाम, ध्यान यांचाही समावेश आहे. हेतू चांगलाच आहे. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे मन नुसते बसवून स्थिर होते का, हा खरा प्रश्न आहे.

सजगता म्हणजे काय?

या क्षणी जे घडते आहे, त्याकडे बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे म्हणजे सजगता, अर्थात ‘माइंडफुलनेस’. बौद्ध ध्यानपरंपरेतील ही साधना जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तणावमुक्तीच्या कार्यक्रमात आणली. तो कार्यक्रम मोठ्या माणसांसाठी होता. ‘श्वासाकडे लक्ष दे’ ही सूचना लहान मुलाला अवघड जाते, कारण श्वास दिसत नाही. मुंग्यांची रांग मात्र दिसते आणि तिच्याकडे बघ असे सांगावेही लागत नाही.

निसर्गाचा उपयोग कसा होतो?

मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये मांडलेला सिद्धान्त असा : फळ्याकडे, गणिताकडे प्रयत्नपूर्वक दिलेले लक्ष थकते. हलणारी पाने, ढग, पाणी यांच्याकडे लक्ष आपसूक जाते आणि त्या वेळात थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये अवधानाची समस्या असलेल्या ७ ते १२ वयाच्या मुलांना वीस मिनिटे वेगवेगळ्या ठिकाणी फिरवले. शहरातील रस्त्यांपेक्षा बागेत फिरून आल्यावर त्यांची एकाग्रता चांगली दिसली. या अभ्यासात १७च मुले होती. त्यामुळे यातून दिशा कळते, अंतिम निष्कर्ष निघत नाही.

तासिका लावली की झाले?

तसे दिसत नाही. ब्रिटनमधील ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात सजगतेचे धडे दिलेल्या मुलांना नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा अधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही. बहुतेकांनी घरी सरावही केला नाही. ही मुले ११ ते १४ वयाची होती, म्हणून हा निकाल प्राथमिक शाळांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही वेळापत्रकात तास घातल्याने मुलांचे मन शांत होतेच असे नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

कोणते उपक्रम करता येतील?

माझे पान : प्रत्येकाने खाली पडलेले एक पान घ्यायचे. त्याच्या शिरा, कडा, डाग, वास दोन मिनिटे निरखायचे. मग सगळी पाने एकत्र करून प्रत्येकाने आपले पान शोधून काढायचे.

आवाज मोजणे : मिनिटभर गप्प बसून ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाला एक बोट दुमडायचे. साळुंकी, पंखा, दूरची रिक्षा, सगळे चालते.

फूल आणि पीस : फूल हुंगल्यासारखा श्वास आत, तळहातावरचे पीस हलके हलवल्यासारखा श्वास बाहेर. पाच वेळा पुरे.

वर्गाचे झाड : एकच झाड वर्षभर पाहायचे. पिंपळाची पानगळ आणि तांबूस पालवी, उन्हाळ्यात पिवळाधमक होणारा बहावा, पावसात खोडावर धरणारे शेवाळ. महिन्यातून एकदा दहा मिनिटे दिली तरी पुष्कळ.

शाळेला मैदानच नसेल तर?

शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान आवश्यक मानले आहे. तरीही शहरांतील अनेक शाळांना ते नाही. मैदानाची मागणी सोडू नये, पण त्यासाठी थांबूनही राहू नये. खिडकीतून दिसणारे ढग, कुंडीतली तुळस, ओल्या फडक्यात मोड येणारी मटकी, पत्र्यावर पडणारा पाऊस एवढेही पुरते.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. बिया, शिंपले, पाने हेच तिथले शैक्षणिक साहित्य. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली. तेव्हा सजगता हा शब्द कोणी वापरत नव्हते. मूल जिथे रमते तिथून शिकवायला सुरुवात करायची, ही दृष्टी मात्र होती.

काय टाळावे?

डोळे मिटण्याची सक्ती नको. काही मुलांना त्याची भीती वाटते. उन्हात बसवणे नको. फुले-पाने तोडणे, किडे पकडणे नको. सतत घाबरणाऱ्या किंवा गप्प राहणाऱ्या मुलाला समुपदेशकाची गरज असते. हे उपक्रम त्याला पर्याय नाहीत.

सगळ्यात मोठा धोका कागदाचा आहे. उपक्रमाचे छायाचित्र पाठवा, अहवाल भरा, गुण द्या असे सुरू झाले की बाईंचे लक्ष मोबाइलकडे आणि मुलांचे बाईंकडे जाते. पान पाहायचे राहूनच जाते. शिक्षण विभागाला या शनिवारांतून खरोखर काही घडवायचे असेल, तर निदान ही दहा मिनिटे नोंदीतून मोकळी ठेवावीत आणि शिक्षकांनाही मुलांसोबत झाडाखाली बसू द्यावे.