तालमीला गादी हवी

पेरले की लगेच कणीस येत नाही, तसा पैलवानही एका हंगामात तयार होत नाही. गावच्या तालमीत वर्षभर जोर-बैठका चालतात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून लाल माती मळली जाते. रब्बीची सुगी उरकली, की चैत्रातल्या जत्रांची मैदाने सुरू होतात.

पण शालेय स्पर्धा गादीवर होतात आणि महाराष्ट्र केसरीतही माती व गादी असे दोन्ही विभाग असतात. मातीत चितपटीला मोल. गादीवर गुण मोजतात आणि वरिष्ठ गटात तीन-तीन मिनिटांच्या दोनच फेऱ्या. तिथे पाय झपाट्याने हलावे लागतात. मातीतच वाढलेले पोर ताकद असूनही गुणांवर हरते, हा त्याचा दोष नव्हे.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. खेड्यातल्या पोरांत दम आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले. जत्रा कमिटीने इनामाच्या रकमेतला थोडा वाटा दरवर्षी बाजूला ठेवावा, ग्रामपंचायतीने भर घालावी आणि तालमीत गादी आणावी. माती मोडायची नाही, जोडीला गादी हवी. यंदा जत्रेच्या बैठकीत हा विषय घ्याच, मंडळी!