गाळणीची मालकी

घरातल्या कोणाला रक्त चढवायची वेळ आली की पिशवीवरचा रक्तगट आपण दोनदा वाचतो. ते रक्त आणखी कोणत्या चाचण्यांतून गेले आहे, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो. यकृत पोखरणाऱ्या हेपटायटिस सी विषाणूची चाचणी दान केलेल्या रक्तासाठी आपल्या देशात 2001 साली सक्तीची झाली. अशाच चाचणीच्या एका लहानशा उपकरणावरून पेटंटचा जो तंटा झाला, तो म्हणूनच केवळ दोन कंपन्यांपुरता मामला नव्हता.

या जातीचे उपकरण दिसायला अगदी साधे असते. प्लास्टिकच्या डबीत सूक्ष्म छिद्रांचा पडदा, त्याखाली द्रव शोषणारा जाड थर. पडद्यावर विषाणूची प्रथिने ठिपक्यांसारखी बसवलेली. रक्तद्रव पडद्यातून झिरपताना त्यातली विषाणूविरोधी प्रतिपिंडे ठिपक्याला चिकटतात, बाकीचे खाली निघून जाते. मग रंग देणारे द्रव्य टाकले की ठिपका उमटतो. चहाची गाळणी आणि टीपकागद यांचाच हा संसार! मग यात मालकी कशाची? गाळणे जुने, टिपणे जुने, प्रतिपिंडे तर निसर्गाची. पण सुटे भाग जुने असले तरी त्यांची जुळणी नवी, सहज न सुचणारी असू शकते. भांडण होते ते नेमके इथेच.

अमेरिकेत दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पदार्थ पकडण्याच्या 'सँडविच' पद्धतीवरून हायब्रिटेक कंपनीने 1984 मध्ये मोनोक्लोनल अँटीबॉडीज या कंपनीवर दावा लावला. 1985 मध्ये खालच्या न्यायालयाने पेटंट रद्दबातल ठरवले, 1986 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. निकाल कोणाला पटो वा न पटो, तीन वर्षांच्या आत तो लागला.

आपल्याकडे काय झाले? दिल्लीच्या जे. मित्रा कंपनीने हेपटायटिस सीच्या चाचणी-उपकरणासाठी जून 2000 मध्ये अर्ज केला. सुरतच्या स्पॅन डायग्नॉस्टिक्सने हरकत घेतली. ती 2006 मध्ये फेटाळली गेली, तेव्हा स्पॅनने दिल्ली उच्च न्यायालयात अपील केले. आणि नवाच प्रश्न उभा राहिला: हे अपील ऐकायचे कोणी? कायदा बदलून अपिले नव्या मंडळाकडे सोपवली होती, पण ती तरतूद अमलात आली 2 एप्रिल 2007 रोजी. शेवटी ऑगस्ट 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ही अपिले उच्च न्यायालयानेच ऐकावीत. उपकरण नवे की जुने, हा मूळ प्रश्न अजून पुढेच होता.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे. त्यातली आठ दरवाजा शोधण्यात गेली. मी बँकेत कर्जाची प्रकरणे पाहिली आहेत. तारणाचा हक्क साफ नसेल तर सावकाराचा हात आखडतो, आणि शेजारीही त्या जागेला हात लावायला कचरतो. पेटंटचेही तसेच. संशोधकाला आपल्या हक्काचा भरवसा नाही, प्रतिस्पर्ध्याला कारखाना घालावा की नाही कळत नाही. या अनिश्चिततेची किंमत शेवटी चाचणी विकत घेणाऱ्यालाच मोजावी लागते.

पेटंट द्यावे की नाकारावे, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. परंतु निकाल लांबवण्याच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही. ज्या मंडळासाठी एवढा खल झाला, ते 2021 मध्ये बरखास्त झाले आणि अपिले पुन्हा उच्च न्यायालयांकडे आली. दारावरची पाटी बदलली. आत किती वेळ बसावे लागते, यावर आता तरी लक्ष ठेवायला हवे.