अ‍ॅडजस्ट कुणी व्हायचं?

कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठात मी एम.एस. करताना टीचिंग असिस्टंट होते. माझ्या वर्गातली एक मुलगी महिन्यात तीनदा गैरहजर राहिली. नियमाप्रमाणे मी तिचे मार्क कापले. मग एक दिवस ती भेटायला आली आणि कारण कळलं. आई फ्रेस्नोजवळ द्राक्षांच्या मळ्यात मजूर. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून डॉक्टर काय म्हणतात ते स्पॅनिशमध्ये सांगायला ही बसने घरी जायची. दुभाष्या देणं खरं तर दवाखान्याचं काम. पण ते बऱ्याचदा मुलांच्याच गळ्यात पडतं.

विद्यापीठाने तिच्यासाठी काय केलं? 'रेझिलियन्स'च्या कार्यशाळेचं आमंत्रण पाठवलं. खोल श्वास घ्या, डायरी लिहा, स्वतःला वेळ द्या. ती हसून म्हणाली, "वेळ असता तर वर्गातच आले नसते का?"

माझं भांडण या कार्यशाळांशी नाही, त्यामागच्या गृहीतकाशी आहे. ते असं, की बिघाड मुलांमध्ये आहे आणि दुरुस्तीही त्यांचीच करायची आहे.

अमेरिकेत ज्यांच्या आईवडिलांकडे चार वर्षांची पदवी नाही, त्यांना साधारणपणे 'फर्स्ट-जेन' म्हणतात. लॅटिनो विद्यार्थ्यांमध्ये अशी मुलं खूप आहेत. निकोल स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की अमेरिकन विद्यापीठं 'स्वतःची वाट स्वतः शोध' हे मूल्य धरून चालतात, तर फर्स्ट-जेन मुलं बरेचदा 'घराला हातभार लाव' या मूल्यात वाढलेली असतात. या विसंगतीचा फटका त्यांच्या मार्कांनाही बसतो. म्हणजे तिथली रीत मुळातच एका वर्गाच्या मापाने शिवलेली आहे. ती अंगाला बसली नाही, की आपण अंगालाच दोष देतो.

मला हे आधीच कळायला हवं होतं. लातूरहून पुण्याला शिकायला आलेली आमच्या घरातली मी पहिली. हॉस्टेलपासून डिपार्टमेंटपर्यंत सगळे एकच सांगायचे, "थोडं अ‍ॅडजस्ट कर." तरी तिकडे टेबलाच्या पलीकडे बसल्यावर मीही तेच केलं. 'ऑफिस अवर्स' हे शब्द मी कधी समजावूनच सांगितले नाहीत. त्या वेळी सर कामात असतात, तेव्हा जायचं नसतं, असंच काही मुलांना वाटत होतं!

यावर कुणी म्हणेल, मग काय दर्जा खाली आणायचा? अजिबात नाही. पेपर तोच ठेवा, तारीख बदला. आणखी कुणी म्हणेल, घरच या मुलांवर ओझं टाकतं. टाकतंच, विशेषतः मुलींवर. कुटुंबाचे गोडवे गायला मी बसलेली नाही. पण त्याच घराने तिला दोन भाषांत विचार करायला आणि मोठ्यांच्या दुनियेशी वाटाघाटी करायला शिकवलं. तारा योस्सो यांनी २००५ मध्ये अशा शिदोरीला सांस्कृतिक संपत्ती म्हटलं. माझ्या हजेरीपटात मात्र तिच्यासाठी एकच खूण होती, 'गैरहजर'.

पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले, की संस्थेला 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' हा दर्जा मिळण्याचा रस्ता उघडतो. पण डोकी मोजणं म्हणजे सेवा नव्हे. स्पॅनिश बोलणारे समुपदेशक नेमा. पालकांची ओळखसभा त्यांच्या भाषेत घ्या. घरच्या आजारपणाची रजा ग्राह्य धरा. अडीनडीला लगेच हाती पडेल असा निधी ठेवा. मनःस्वास्थ्य म्हणतात ते यातूनच येतं.

त्या मुलांच्या तोंडी एक वाक्प्रचार असायचा, 'नि दे आकी, नि दे आया'. म्हणजे धड ना इथले, धड ना तिथले. हे ऐकून आपल्याला वाईट वाटतं. पण 'इथले' कोण, हे ठरवणाऱ्यांत आपणही असतो.

मी तिचे मार्क परत दिले, माफीही मागितली. पण ते मिळवायला तिला एका परक्या बाईसमोर आईचं दुखणं उघडं करावं लागलं. जी मुलं माझ्या दारापर्यंत आलीच नाहीत, त्यांचे मार्क अजून कापलेलेच आहेत.